सुधारून वाढविलेली मोटार

ग्रंथाच्या मुखपृष्ठावर ‘सुधारून वाढविलेली आवृत्ति’ हे शब्द दिसले कीं आमच्यासारख्या जुन्या वाचकाच्या मनांत आनंदाच्या आधीं शंकाच उत्पन्न होते. वाढविलें काय हें पृष्ठसंख्येवरून कळतें. सुधारलें काय हें शोधावें लागतें. आणि वाढविण्याच्या भरांत कांहीं गळलें तर नाहीं ना, हें पाहण्यासाठीं पहिली आवृत्ति शेजारीं घेऊन बसावें लागतें. गेलीं वीसपंचवीस वर्षें मोटारींच्या शोकिनांत असाच एक वाद चालला आहे. ज्या सेडान गाड्या केवळ कुटुंब वाहून नेण्यासाठीं नव्हे, तर चालविणाऱ्यास चालविण्याची गोडी वाटावी ह्याहि हेतूनें बांधलेल्या असतात, आणि ज्यांना ‘स्पोर्ट्‌स सेडान’ हें नांव सर्वत्र रूढ झालें आहे, त्या गाड्या दर सहासात वर्षांनीं नव्यानें आंखल्या जातात. आणि दर वेळीं जुन्या गाडीचे भक्त म्हणतात, ‘गाडी सुधारली, पण तींतला जीव गेला.’ हा आक्षेप खरा आहे, कीं स्वतःचें तरुणपण सरल्याचा विषाद गाडीच्या माथीं मारला जात आहे, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

वाङ्‌मयाच्या मासिकांत मोटारीची चर्चा पाहून कांहीं वाचकांच्या भुंवया वर चढतील. परंतु जेथें हेतुपुरस्सर केलेली रचना आहे, ती अनुभविणारा रसिक आहे आणि ‘पूर्वीचीच बरी’ म्हणणारा टीकाकार आहे, तेथें टीकाशास्त्रास मज्जाव कां असावा? एकनाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीची पाठशुद्धि केली आणि राजवाड्यांनीं १९०९ सालीं त्याहून जुनी म्हणून आपली प्रत छापली, तेव्हांपासून शुद्ध प्रत श्रेष्ठ कीं जुनी प्रत श्रेष्ठ, हा प्रश्न धुळ्याच्या हवेंतच आहे असें म्हणावयास हरकत नाहीं. शिवाय आमच्या पाहण्यांतील धुळ्या-जळगांवच्या सुशिक्षित घरांतून घर आणि मुलांचें शिक्षण ह्यांच्या खालोखाल पैका खर्च होतो तो मोटारीवर. (सोन्याच्या जळगांवांत हें विधान धाडसाचें आहे, हें आम्ही जाणतों.)

प्रथम एक प्रचलित समजूत बाजूला सारली पाहिजे. ती अशी कीं, गाडी बदललीच नसती तर आनंद टिकला असता. ह्या प्रयोगाचा आपल्या देशाइतका दीर्घ अनुभव क्वचितच कोणास असेल. कुर्ल्याच्या कारखान्यांत बांधलेली फियाट, जिला पुढें ‘प्रीमियर पद्मिनी’ हें नांव मिळालें, ती १९६४ च्या सुमारापासून शतकाच्या अखेरपर्यंत जवळजवळ त्याच रूपांत रस्त्यावर राहिली. अँबॅसडरचा संसार तर २०१४ पर्यंत चालला. पद्मिनी चालविणें ही एक प्रकारची कुस्ती होती, आणि कुस्तींतहि आनंद असतो हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु लळिंगाच्या घाटांत उतारावर समोर मालमोटार आली असतां तिच्या ब्रेकवर सारा भार टाकून ज्यांनीं देवाचें नांव घेतलें आहे, ते आज सद्‌गदित होतात ते त्या प्रवासांच्या आठवणीनें. गाडीच्या चालीनें नव्हे. बाप पुढें, आई मागें, मांडीवर डबा आणि पायाशीं पाण्याची सुरई, हा सारा रस गाडीच्या बाहेरचा आहे. न बदललेली गाडी जुनी होते. अभिजात होतेच असें नाहीं.

आतां खरें प्रकरण पाहूं. १९९८ मध्यें ‘होंडा सिटी’ आपल्याकडे आली. तिच्या दीड लिटरच्या इंजिनाची शक्ति १०० अश्वशक्तीची होती, आणि थोड्याच काळानें आलेल्या ‘व्हीटेक’ प्रकाराची १०६. पद्मिनीच्या चाळीसएक घोड्यांवर वाढलेल्या पिढीला हें प्रकरण केवढें वाटलें असेल! इंजिन वरच्या फेऱ्यांत जसजसें जाई तसतसें तें अधिक उत्साहानें गाऊं लागे, आणि तिसऱ्या गिअरमध्यें तें गाणें ऐकण्यासाठीं लोक विनाकारण गांवाबाहेर चक्कर मारून येत. पुढें २००३ मध्यें ह्या गाडीची संपूर्ण नवी आवृत्ति निघाली. इंजिन पुन्हां दीड लिटरचेंच. पण प्रत्येक सिलिंडरला दोन दोन प्लग, आणि शक्ति अवघी ७७. पेट्रोलची टांकी पुढच्या आसनांखालीं नेल्यामुळें मागें ऐसपैस जागा झाली, आणि गाडी एका लिटरांत पुष्कळ पुढें जाऊं लागली. कुटुंबवत्सल गिऱ्हाइकानें तिचें आनंदानें स्वागत केलें. शोकिनानें मात्र तिला द्रोह म्हटलें.

द्रोह हा शब्द आम्हांस अन्यायाचा वाटतो. पेट्रोलच्या भावाकडे पाहून महिन्याचें अंदाजपत्रक मांडणाऱ्या देशांत अशी गाडी काढणें ही प्रामाणिक निवड होती. तथापि वैशाखांत, पारा पंचेचाळीसच्या घरांत असतां, वातानुकूलन चालू ठेवून पांच माणसांसह अजिंठ्याचा घाट चढतांना त्या ७७ घोड्यांतले कांहीं थंड हवेच्या चाकरीस जुंपले जात, आणि उरलेल्यांची दमछाक चालकाच्या पायास कळे, हेंहि तितकेंच खरें. परंतु आमच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. कंपनीनें कांहीं काळानें १०० अश्वशक्तीचें इंजिन पुन्हां देऊं केलें, आणि २००८ च्या आवृत्तींत तर ती शक्ति ११८ वर नेली. हरवलेले घोडे व्याजासह परत आले. तरीहि जुन्या ‘व्हीटेक’चे भक्त परतले नाहींत, ते अद्यापि तीच पहिली गाडी शोधीत हिंडतात. ह्यावरून उघड आहे कीं, जें हरवलें तें घोड्यांत मोजण्याजोगें नव्हतें. शोकीन तक्रार अंकांत करतो, कारण अंक सांगतां येतात. त्याचें दुःख मात्र दुसऱ्याच ठिकाणीं असतें.

तें ठिकाण म्हणजे तळहात. पुढचें चाक वळविलें असतां टायर जमिनीस टेकतो तेथें रबर किंचित् पिळवटतें, आणि चाकाला पुन्हां सरळ करूं पाहणारा एक जोर उत्पन्न होतो. तोच जोर सांध्यासांध्यांतून चढत स्टिअरिंगच्या चक्रापर्यंत येतो. वळणांत वेग वाढवीत गेल्यास हा जोर प्रथम वाढतो. पण टायरची पकड सुटण्याच्या थोडें आधींच तो ओसरूं लागतो. चक्र हातांत एकाएकीं हलकें लागतें. रस्ता जणूं चालकास सांगत असतो, ‘आतां पुरे.’ ज्या गाडींत हा निरोप स्पष्ट येतो तींत चालक रस्त्याशीं बोलत असतो. ज्या गाडींत तो येत नाहीं, तींत तो नुसता हुकूम सोडीत असतो. चालविण्याचा आनंद म्हणून जें म्हणतात त्याचा गाभा आमच्या मतें हाच संवाद होय. वेग हा त्याचा अलंकार आहे. आणि अलंकारालाच काव्याचा आत्मा समजणाऱ्यांची आपल्या साहित्यशास्त्रांत काय गति झाली, तें वाचकांस सांगणें नको.

पूर्वीच्या सुधारलेल्या गाड्यांत स्टिअरिंग हलकें करण्यासाठीं तेलाच्या दाबाचा उपयोग करीत. तो दाब निर्माण करणारा पंप इंजिनावर चाले, आणि गाडी सरळ जात असो वा वळत असो, इंजिनाचा कांहीं जोर खातच राही. त्या जागीं विजेची मोटर आली ती लागेल तेव्हांच वीज घेते. इंधन वांचतें, गाडी आपली आपण उभी करणें किंवा पट्टा सोडूं लागल्यास चक्रास हळूच मागें ओढणें अशा सोयीहि करतां येतात. अडचण एवढीच कीं, हातास किती जोर लागावा हें आतां आज्ञावली ठरविते, आणि खडबडीत रस्त्याचे धक्के गाळतांना ती रस्त्याचें बोलणेंहि गाळून टाकूं शकते.

ह्या प्रकरणीं जगांत सर्वांत मोठा गवगवा झाला तो बीएमडब्ल्यूच्या ‘थ्री सीरीज’विषयीं. १९७५ पासून ही मालिका स्पोर्ट्‌स सेडानचा मानदंड समजली जात आली. २०११ च्या अखेरीस तिची नवी आवृत्ति पुढें आली, तींत तेलाचें स्टिअरिंग जाऊन विजेचें आलें, आणि इंग्लंड-अमेरिकेंतील परीक्षकांनीं चक्र बधिर झाल्याची ओरड केली. पुढची आवृत्ति २०१८ मध्यें आली तेव्हां वळणांतील चपळपणा परतल्याचें बहुतेकांनीं कबूल केलें. हातास येणाऱ्या निरोपाविषयीं मात्र मतभेद राहिला. उलट इटलीच्या आल्फा रोमेओची ‘ज्यूलिया’ ही सेडान पाहावी. तिचेंहि स्टिअरिंग विजेचेंच. पण तिच्या चालीची परीक्षकांनीं तोंड भरून स्तुति केली. तेव्हां दोष विजेकडे जात नाहीं. वीणेची तार कोणत्या धातूची आहे ह्यापेक्षां ती कोणी व कोणत्या कानानें लाविली हें महत्त्वाचें.

इतक्या लांब जाण्याचें तरी काय कारण? जळगांवाहून पहूर, फर्दापूर, अजिंठा, सिल्लोड करीत गेलें कीं छत्रपति संभाजीनगरापलीकडे शेंद्रा लागतें. ह्या शतकाच्या आरंभीं, तें शहर औरंगाबाद ह्या नांवानें ओळखलें जात असतां, तेथें स्कोडा कंपनीनें ‘ऑक्टेव्हिया’ बांधण्यास प्रारंभ केला. २००४ च्या सुमारास तिचा ‘आरएस’ हा तिखट प्रकार निघाला: टर्बो लावलेलें १.८ लिटरचें पेट्रोल इंजिन, १५० अश्वशक्ति, हातानें बदलावयाचे पांच गिअर. पोटांत अख्खा संसार मावेल एवढी मागची डिकी, आणि पायाखालीं हा जोर! आमच्या मतें स्पोर्ट्‌स सेडान ह्या जातीची व्याख्या इकडच्या वाचकास द्यावयाची तर ह्याच गाडीकडे बोट दाखवावें. २०११ मध्यें ‘लॉरा आरएस’ आली, १६० ची व सहा गिअरांची. २०१७ मध्यें पुन्हां ‘ऑक्टेव्हिया आरएस’, २३० ची. २०२० मध्यें २४५ ची. २०२५ मध्यें २६५ ची. अंकांची चढण पाहावी! परंतु २०१७ पासून आपल्याकडे आलेल्या आवृत्त्यांतून डाव्या पायाखालचा क्लच नाहींसा झाला. गिअर यंत्रच बदलतें. दोन क्लचांची ती पेटी पुढचा गिअर आधींच तयार ठेवते, आणि कोणाहि माणसाच्या हातापेक्षां जलद बदल करते. म्हणजे ह्या गाड्या प्रत्येक मोजमापांत पहिलीपेक्षां सरस आहेत, आणि तरीहि चालकाच्या वांट्याची एक निवड त्यांनीं काढून घेतली आहे.

ही निवड क्षुल्लक नव्हे. घाटांत वळण दिसतें तेव्हां दुसऱ्या गिअरवर यावयाचें कीं तिसऱ्यावरच रेटावयाचें, हें क्षणांत ठरवावें लागतें. चुकल्यास इंजिन कण्हतें किंवा किंचाळतें, आणि साधल्यास गाडी वळणांतून अशी निघते कीं शेजारचा माणूस बोलतां बोलतां थांबतो. जेथें चुकण्याची सोय नाहीं तेथें साधल्याचा आनंदहि नाहीं. ह्या बाबतींत आम्हांस पेटीची आठवण होते. सारंगी बाजूला सारून हार्मोनियम आली तेव्हां तिच्यांत स्वर आयते व पक्के. मींड मात्र निघेना. ‘हें वाद्य आपल्या गाण्याचें नव्हे’ असें जाणत्यांचें मत पडलें, आणि १९४० मध्यें आकाशवाणीनें तिजवर बंदी घातली, ती सैल व्हावयास १९७१ साल उजाडावें लागलें. पण त्याच पेटीवर गोविंदराव टेंब्यांसारख्यांनीं काय करून दाखविलें हें महाराष्ट्र जाणतो. आपण होऊन गिअर बदलणाऱ्या गाडीचेहि टेंबे उद्यां निघतील. आम्ही नाहीं म्हणत नाहीं. मात्र मींड गेली ही गोष्ट गेलीच, आणि ती गेली नाहीं असें विकणाऱ्यानें सांगूं नये.

सांगूं नये म्हणण्याचें कारण आहे. नव्या गाड्या बंदिस्त व शांत झाल्या, टर्बोनें इंजिनाचा आवाज दबला. तेव्हां कांहीं कंपन्यांनीं इंजिनाचा आवाज ध्वनिक्षेपकांतून चालकास ऐकविण्याची युक्ति काढली. २०११ च्या बीएमडब्ल्यू ‘एमफाइव्ह’मध्यें ती होती, आणि पुढें पुष्कळांनीं उचलली. आम्ही ह्या लेखांत जागोजाग नव्याची बाजू घेतली आहे, पण येथें नाहीं. वजन वाढलें ह्यास कारण आहे, स्टिअरिंग बदललें ह्यास कारण आहे. रडणें येत नाहीं म्हणून पडद्यामागून रडण्याचा आवाज लावणाऱ्या नटास काय कारण आहे?

वजनाविषयीं मात्र जुन्या भक्तांशीं आमचें जमत नाहीं. १९८६ च्या ‘एमथ्री’चें वजन सुमारें बाराशें किलो व शक्ति दोनशेंच्या आगेमागे, २०२० च्या त्याच नांवाच्या गाडीचें वजन सतराशेंच्या वर व शक्ति ४८०. हे आंकडे पाहून ते कपाळास हात लावतात. पण हीं वाढलेलीं किलो गेलीं कोठें, हें कोणी विचारीत नाहीं. पुष्कळशीं गेलीं टकरींत न चुरडणाऱ्या सांगाड्यांत, बाजूच्या दारांतील तुळयांत, हवेच्या पिशव्यांत. आपल्याकडे समोरून होणाऱ्या टकरीची परीक्षा नव्या गाड्यांस २०१७ च्या आक्टोबरापासून सक्तीची झाली. पुण्याजवळ चाकणला बांधलेल्या ‘स्लाविया’ आणि ‘व्हर्टस’ ह्या सेडान गाड्यांस २०२३ मध्यें ग्लोबल एनकॅपच्या परीक्षेंत, मोठ्या माणसांच्या व मुलांच्या अशा दोन्ही सदरांत, पांच तारे मिळाले. मुंबई-आग्रा रस्त्यावर रात्रीं उलटलेल्या गाड्यांचे सांपळे ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांस ह्या ताऱ्यांचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाहीं. मागच्या आसनावर नातवंड बसलें असतां हलकेपणाची महती गाणारा शोकीन आम्हांस रसिक वाटत नाहीं, आत्मरत वाटतो.

परंतु ह्याच न्यायानें दुसरी बाजूहि मांडली पाहिजे. तळहातास येणारा निरोप हा केवळ छंद नव्हे. पहिल्या पावसानंतर घाटांत डांबरावर माती वाहून येते, तेव्हां पकड सुटण्याच्या आधीं हातास कळणें हेंहि सुरक्षिततेंतच मोडतें. घसरल्यावर सावरणारी यंत्रणा चांगलीच आहे. पण न घसरूं देणारें ज्ञान तिच्या आधीं येतें. म्हणून स्टिअरिंग बधिर झाल्याची तक्रार ‘हौशी लोकांचें लाड’ म्हणून उडवून लावणें आम्हांस मान्य नाहीं.

क्षेमेंद्रानें काव्याचें जीवित औचित्यांत पाहिलें. त्याच कसोटीवर पाहतां सुधारलेली गाडी कोठें घसरते हें नीट दिसतें. परदेशांतून तयार होऊन आलेली ताठ स्प्रिंगांची, बुटक्या टायरांची आवृत्ति तेथील गुळगुळीत रस्त्यावर शोभते. आमच्या खानदेशच्या काळ्या मातीचा स्वभाव निराळा. ती पावसाळ्यांत फुगते, उन्हाळ्यांत भेगाळते, आणि तिच्यावरचा रस्ता चार वर्षांत लाटा खाऊं लागतो. वर प्रत्येक गांवाच्या वेशींत गतिरोधक. अशा रस्त्यावर ती गाडी चालविणें म्हणजे शार्दूलविक्रीडितांत पाळणा म्हणण्यासारखें आहे. आणि धुळें, पारोळें, एरंडोल, जळगांव ह्या वाटेवरील चौपदरी झालेल्या लांबच लांब पट्ट्यांवर तर उलटाच प्रकार: तेथें चालकास करावयासच कांहीं नाहीं. २००४ ची ‘आरएस’ काय किंवा २०२५ ची काय, त्या सरळ सडकेवर सारख्याच कंटाळवाण्या वाटतील. मागच्या आसनावरील सासूबाईंस मात्र नवी गाडी अधिक आवडेल, आणि त्यांचें मत घरांत निर्णायक ठरेल, हें व्यवहारज्ञांस माहीत आहेच.

तेव्हां नवी आवृत्ति म्हटली कीं आनंद गेलाच, हा सिद्धान्त टिकत नाहीं. चाकणचेंच उदाहरण पुरे आहे. ‘व्हेंटो’चें पेट्रोल इंजिन पुष्कळ वर्षें १०५ अश्वशक्तीचें होतें, तिच्या जागीं २०२२ मध्यें ‘व्हर्टस’ आली ती दीड लिटरच्या टर्बो इंजिनांत १५० ची. प्रथम तें इंजिन केवळ स्वयंचलित गिअरांसह मिळे. शोकिनांनीं हळहळ व्यक्त केली, आणि २०२३ मध्यें तेंच इंजिन हातानें बदलावयाच्या सहा गिअरांसहहि देण्यांत आलें. शोकिनांची ओरड कधीं कधीं कारखान्यापर्यंत पोंचते, असें मानण्यास जागा आहे.

राहतां राहिला नव्या गाडीची परीक्षा करण्याचा प्रश्न. विक्रेता गिऱ्हाइकास गाडी दाखवितो ती गांवांतल्या सपाट रस्त्यावर, दहा मिनिटें, कांचा बंद, गाणें चालू, आणि शेजारीं बसून स्वतःचें अखंड व्याख्यान. ह्या परीक्षेंत ‘सिटी’, ‘ऑक्टेव्हिया’ आणि दिवाणखान्यांतील कोच ह्यांमध्यें फारसा भेद कळणार नाहीं. जळगांवकरांनीं गाडी पहाटें मागून घ्यावी, गाणें बंद करण्याची विनंति करावी, विक्रेत्यास शक्य तितक्या सौजन्यानें मागच्या आसनावर बसवावें, आणि फर्दापूर ओलांडून घाटाच्या निदान पहिल्या तीन वळणांपर्यंत जावें. धुळेकरांस चाळीसगांवावरून कन्नडचा घाट आहे. मात्र तेथें वर्दळ वाढण्यापूर्वीं पोंचलें पाहिजे.